नाताळात उरकलेला वाढदिवस

माझा वाढदिवस तेवीस डिसेंबरला. ही तारीख ज्याने कुणी माझ्या कपाळी लिहिली त्याला मी लहानपणापासून शिव्या घालत आले. आमच्या घरात कपाळावर लिहिणारा म्हणजे आकाशातला बाप, म्हणून त्या शिव्या मनातल्या मनात.

ज्यांचा वाढदिवस मे-जूनमध्ये येतो त्यांना हे कळायचं नाही. नाशिक रोडच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत डिसेंबर लागला की कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसे. भिंतींना चुना, दारावर कागदाची चांदणी, करंज्या, शंकरपाळे, गाण्याच्या तालमी. त्या धबडग्यात तेवीस तारीख यायची आणि जायची. "नाताळ होऊ दे, मग बघू," आई म्हणायची. नाताळ झाला की म्हणायची, "आता नाताळात सगळं झालंच की." वर्षाला एकच नवा फ्रॉक. तो वीस तारखेला शिवून यायचा, पण अंगावर चढायचा पंचवीसला, देवळात जाताना. शाळेत लिमलेटच्या गोळ्या वाटाव्यात तर शाळेला सुट्टी. माझा वाढदिवस कुणी साजरा करत नसे, उरकत असत.

आणि केक! तो तर मला कधीच सहन झाला नाही. वस्तीत कुणाकडे भट्टी नव्हती. रवा, लोणी, साखर, अंडी घरी फेटायची, पत्र्याच्या साच्यांत ओतायची आणि साचे घेऊन स्टेशनजवळच्या बेकरीत जायचं. बेकरीवाल्या चाचांचे पाव निघाले की त्याच भट्टीत आमचे केक जायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक साच्याला नावाची चिठ्ठी. आमच्या साच्यावर पप्पांचं नाव, देवराम. बावीस तारखेला केक घरी आला की सगळं घर त्या वासाने भरून जायचं. मग आई तो डब्यात घालून डबा कपाटावर ठेवायची, कारण पंचवीसची उपासना होईपर्यंत केकाला सुरी लावायची नाही, असा आमच्याकडचा नियम. म्हणजे माझ्या वाढदिवसाला घरात केक असायचा आणि मला मिळायचा नाही. उपाशी माणसापुढे ताट ठेवून हात बांधावेत, तसला प्रकार.

आठ वर्षांची असताना मी स्टुलावर चढून त्या केकात बोट घातलं. आईने लाटण्याने मारलं, वाढदिवसाच्या दिवशी. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, ते पहिल्या पाळीवरून आले तेव्हा मी दारात बसून भोकाड पसरलं होतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "अगं मैना, येशूबरोबर वाढदिवस वाटून घ्यायला भाग्य लागतं."

"मग त्याला सांगा ना माझ्याबरोबर वाटून घ्यायला," मी म्हटलं. "तो सगळा एकटाच घेतो."

पप्पा खो खो हसले. आई हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी आपटली. मला वाटलं, देवाविषयी वेडंवाकडं बोलले म्हणून चिडली असेल.

आता सुमनबाईंबद्दल सांगायला हवं. सुमनबाई म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या बायको. एके काळी त्या नर्स होत्या आणि निम्म्या वस्तीची बाळंतपणं त्यांच्या हातची. कुणाचं लग्न कधी झालं आणि कुणाला मूल कधी झालं, या दोन तारखा त्यांच्या डोक्यात शेजारीशेजारी ठेवलेल्या असत. नव्या सुनेला दिवस गेल्याची बातमी आली की बोलता बोलता त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागायचा. एक, दोन, तीन. मोजणी जमली की चेहरा फुलायचा. नाही जमली तर मामला देवळातल्या पंचांपुढे जायचा. मी पंधरा वर्षांची असताना कुसाबाईच्या सुनेची मोजणी जमली नाही. त्या नवराबायकोला भर उपासनेत उभं करून कबुली घेतली आणि वर्षभर प्रभुभोजनाला बंदी केली. सगळी मंडळी रांगेने पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायची तेव्हा ती दोघं मागच्या बाकावर बसून राहायची. वर्ष संपायच्या आत ती सातपूरला राहायला गेली आणि परत कधी वस्तीत फिरकली नाहीत.

याच सुमनबाई माझा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "ही आमची नाताळची पोर! आणि काय दांडगी होती गं, कलाबाई. अडीच महिन्यांची म्हणून माहेराहून आणलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात पालथी पडली."

"हो ना बाई," आई म्हणायची आणि पदर सारखा करायची. सुमनबाईंसमोर आईची मान कधी वर झालेली मी पाहिली नाही. मला त्याचाही राग यायचा. एवढं काय घाबरायचं एका बाईला?

एक्याऐंशीच्या नाताळात सुमनबाईंनी नाटकात मला मरिया, म्हणजे येशूची आई, केलं. "मान खाली. मरिया नम्र होती," असं पन्नासदा बजावलं. प्रयोगाला सगळी वस्ती आली. आई मात्र डोकं दुखतं म्हणून घरी राहिली. त्याच आठवड्यात माझा सतरावा वाढदिवस उरकला गेला होता.

पुढच्या वर्षी बारावी झाली आणि मला नर्सिंगला जायचं होतं. तिथे शाळेच्या दाखल्यासोबत जन्मनोंदीचा उतारा मागत होते. पप्पा म्हणाले, "बघू, आणू सवडीने," आणि महिना गेला. आई म्हणाली, "कशाला हवाय तो? शाळेचा आहे ना?" दोघांचा हा चालढकलपणा बघून मी वैतागले आणि निफाड तालुक्यातल्या केरूमामाला, म्हणजे आईच्या भावाला, परस्पर कार्ड टाकलं. माझा जन्म त्याच्याच गावातला, आईच्या माहेरचा.

एकवीस डिसेंबरला दुपारी पाकीट आलं. केरूमामाला लिहिता-वाचता येत नाही. त्याने कुणाकडून तरी चार ओळी लिहून घेतल्या होत्या, "मैनाबाईला मामाचा आशीर्वाद. तुझा कागद काढून धाडला हाय. नर्स झाल्यावर मामाला सुई टोचू नको. इकडं सगळं बरं हाय." खाली उतारा. मुलगी. आईचं नाव कलाबाई, बापाचं नाव देवराम. जन्मतारीख अकरा नोव्हेंबर एकोणीसशे चौसष्ट.

मी तीनदा वाचलं. आई समोर बसून केकासाठी अंडी फेटत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने कागद पाहिला. हातातला काटा थांबला. "चुकलं असेल कोतवालाचं."

"कोतवालाला चुकायला काय कारण? जन्मल्यावर चार दिवसांत लिहून घेतलंय त्याने. चुकलं असेल तर तुमचं चुकलंय."

तेवढ्यात पप्पा पाळीवरून आले. बूट काढता काढता त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली आणि एक बूट पायात तसाच ठेवून ते खाटेवर बसले. तेव्हा मला कळलं की चूक नाही.

मग आईने सांगितलं. माझ्याकडे न बघता, अंड्यांच्या भांड्याकडे बघत.

त्यांचं लग्न सहा फेब्रुवारीला ठरलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवारी देवळात दोघांची नावं वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दोन रविवारी वाचली. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब, म्हणजे सुमनबाईंचे यजमान, कसल्याशा परिषदेला गेले आणि नावं वाचायची राहिली. ते परत आले तोवर उपवासाचे चाळीस दिवस तोंडावर आले होते. उपवासात लग्न लावत नाहीत. आता ईस्टरनंतरच, म्हणाले. लग्न लागलं दोन एप्रिलला.

"लाडू वळून झाले होते," आई म्हणाली. "पाहुणे आले आणि जेवून गेले. मला नवी साडी नेसवली होती. आम्ही आपले सहा तारखेलाच नवराबायको झालो होतो. फक्त साहेबांना परिषद होती."

मी अकरा नोव्हेंबरला झाले, सव्वासात पौंडांची. सातमाशी म्हणून खपवावं तर सुमनबाईंनी तळहातावर घेऊनच ओळखलं असतं. म्हणून आई माहेरीच राहिली. सव्वा महिना मला घराबाहेर काढलंच नाही. मग नाशिकला निरोप आला, तेवीस डिसेंबरला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या वहीत तेच लिहिलं गेलं आणि तिथून शाळेत.

"तेवीसच का?" माझा आवाज चढला होता. "जानेवारी का नाही? वीस जानेवारी का नाही? मोकळा महिना पडला होता सगळा!"

"कॅलेंडर घेऊन मोजलं," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "दोन एप्रिलपासून नऊ महिन्यांना दहा दिवस कमी. त्याच्या पुढं न्यायचं म्हणजे तुला आणखी लपवून ठेवायचं."

"आणि बुधवारचा बुधवार ठेवला मी," आई म्हणाली. "तू बुधवारी झालीस. तेवीसलाही बुधवार होता. म्हटलं, तेवढं तरी पोरीचं खरं राहू दे."

हे ऐकून मला भरून यायला हवं होतं. नाही आलं. माझ्या अंगाची आग आग झाली. अठरा वर्षं मी देवाला बोल लावत होते. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता! माझा वाढदिवस चांगला मोकळाढाकळा, दिवाळीच्या आगेमागे, शाळा चालू असताना येत होता. तो उचलून नाताळाच्या गर्दीत कोंबला होता माझ्या सख्ख्या आईबापाने, स्वतःची अब्रू झाकायला. वर मला सांगत होते, भाग्य लागतं.

"अकरा नोव्हेंबरला मला कधी साधं काही केलंत?" मी ओरडले.

"शिरा करायचे की," आई म्हणाली. "काजू घालून. दरवर्षी."

मला आठवलं. दर नोव्हेंबरात एकदा घरात उगीचच शिरा व्हायचा. मला शिरा आवडत नाही. मी तो पानात टाकून उठायची आणि आई माझ्या पानातला शिरा खायची.

"केक का नाही?"

"नोव्हेंबरात भट्टीवर साचा नेला असता तर कुणीही विचारलं असतं, कलाबाई, कशाचा केक?"

"मग सांगायचं होतं!" मी म्हटलं. "आता मी सांगते. सुमनबाई तेवीसला येतीलच माझा गाल ओढायला. तेव्हा सांगते."

"मैना," पप्पा म्हणाले, "आईला उभी करतील देवळात."

"तुम्हालाही करतील."

बावीस तारीख आली. आईने साचा बेकरीत नेला, केक आणला, डबा कपाटावर ठेवला. मी त्या डब्याकडे बघून मनात वाक्यं जुळवत होते. मागच्या वर्षी मला मरिया केलंत ना, सुमनबाई? तिच्या लग्नाचे महिने मोजले होते का कुणी? असलं बरंच काही. मला खरंच बोलायचं होतं. आज कुणी म्हणेल की पोरीने नुसती धमकी दिली असेल, तर नाही. मी बोलणार होते.

तेवीसला सकाळी अकराच्या सुमारास सुमनबाई आल्या. हातात फराळाच्या ताटांची यादी आणि माझ्यासाठी एक रुमाल, कोपऱ्यावर फूल भरलेला. पप्पा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जाणार होते, ते खाटेवर पेपर धरून बसले होते. आई दारात करंज्यांची परात घेऊन बसली होती.

"कुठंय आमची नाताळची पोर?" सुमनबाई म्हणाल्या. "अठरा पूर्ण! कशी वर्षं जातात."

माझ्या गालाकडे हात आला. मी तोंड उघडलं.

"सुमनबाई," आई म्हणाली, "आज तिचा वाढदिवस नाही."

पप्पांच्या हातातला पेपर खाली आला.

"म्हणजे?"

"तिचा वाढदिवस अकरा नोव्हेंबरला असतो."

सुमनबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. रुमाल बोटांत तसाच होता आणि अंगठा सरकायला लागला होता. मे, जून, जुलै. त्यांना बहुतेक ते कळतही नव्हतं.

"मोजा," आई म्हणाली. ती उभी राहिली होती, कोपरापर्यंत पीठ. मान वर होती. चिडली की तिची माहेरची बोली तोंडात येते, तशी आली. "मोजा की, लाजता कशाला? पेरं उरतील तुमची, महिने कमी पडतील. दोन एप्रिलपासून मोजाल तर मी पापी हाय. सहा फेब्रुवारीपासून मोजा. त्या दिवशी माझं लगीन होतं. तुमच्या घरधन्यानं तिसऱ्या ऐतवारी माझं नाव वाचलं नाय. अठरा वर्सं माझ्या पोरीनं त्याची शिक्षा भोगली. आता मला द्या काय द्यायची ती."

"कलाबाई, या पवित्र दिवसांत तुम्ही काय बोलता आहात!"

"पवित्र दिवसांतच तिला जन्माला घालावं लागलं ना मला. तुमच्या भीतीनं."

सुमनबाई गेल्या. रुमाल परातीच्या कडेवर राहिला. मी जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. माझं भांडण आईने माझ्या हातातून काढून घेतलं, आणि खरं सांगते, त्याचाही मला राग आला.

जानेवारीत पंच बसले. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आईला आणि पप्पांना उपासनेत उभं केलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे खरं आहे का?" पप्पा रडले. आई "होय" म्हणाली, मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. तिसऱ्या रविवारच्या परिषदेबद्दल पाळकसाहेबांना कुणी काही विचारलं नाही. वर्षभर प्रभुभोजनाची बंदी. मी म्हटलं, मीही देवळात येणार नाही. आई म्हणाली, "मी जाणार. बंदी भाकरीवर आहे, बाकावर नाही." दर रविवारी ती जाऊन मागच्या बाकावर बसायची. मी आणि पप्पा तिच्या शेजारी. लोक पुढे जायचे तेव्हा आम्ही तिघं बसून राहायचो आणि मी एकेकाच्या पाठीकडे बघून दात खायची. नर्सिंगला दोन तारखांची भानगड निस्तरायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते पप्पांनी केलं. वसतिगृहात मी नवी तारीख लिहिली.

त्या नोव्हेंबरात मी सुट्टी काढून घरी आले होते. अकरा तारखेला दुपारी आई म्हणाली, "चल." तिच्या हातात साचा होता, वर ओला रुमाल झाकलेला. एकच साचा घेऊन आम्ही बेकरीकडे निघालो. डिसेंबरात बायकांची रांग असते. आता कुणी नव्हतं. पाव घ्यायला आलेल्या सुमनबाई तेवढ्या होत्या. त्या आमच्याशी अकरा महिने बोलल्या नव्हत्या.

चाचांनी साचा बघितला. "कलाबहन, अभी तो नवंबर है. क्रिसमस का केक इतनी जल्दी?"

"नाताळचा नाही," आई म्हणाली. "पोरीचा वाढदिवस आहे. आज एकोणीस पूर्ण झाली."

सुमनबाईंनी पिशवी उचलली आणि खाली बघत निघून गेल्या. त्यांच्या हाताकडे मी मुद्दाम पाहिलं. मूठ मिटलेली होती.

साच्यावर चिठ्ठी होती. पप्पांचं नाव नव्हतं. आई चौथीपर्यंत शिकली आहे, तिची अक्षरं मोठी मोठी येतात. मैना, एवढंच लिहिलं होतं. मला त्या भट्टीपाशी उभं राहून रडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढंच तर होतं. एक साचा, एक चिठ्ठी. एवढ्यासाठी अठरा वर्षं?

केक घेऊन घरी आलो तेव्हा साचा हाताला चटका देत होता. पप्पा वाट बघत बसले होते. मी सरळ सुरी घेतली.

"अगं, निवू दे," आई म्हणाली. "गरम कापलास तर त्याचा चुरा होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "मी आता थांबणार नाही."

चुराच झाला. आम्ही तिघांनी तो साच्यातूनच हाताने खाल्ला, आणि आईची बोटं भाजली तरी ती खात राहिली.